साउनातलं बाहेर काढायचं नाही

न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या डाव्या अंगाला एक फोटो लावलेला आहे. त्यात एक माणूस कमरेत वाकलाय, डोकं पार गुडघ्यांच्या मध्ये गेलंय, आणि दोन पायांमधून तो चेंडू मागे सोडतोय. खाली पेपरवाल्यांनी छापलंय, 'सदतिसाव्या वर्षी पहिला सामना!' हा माणूस म्हणजे आर्विड केस्तिला. आणि हाच आर्विड गेली तीन वर्षं त्या दुकानाची पायरी चढलेला नाही. त्याची बायको हेल्मी त्याला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवते आणि त्याचे केस कापते. वाईट कापते. कानामागे उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं.

"न्हाव्याकडे जा की," ती म्हणते. "ही कात्री कोंबडी सोलायची आहे."

"चालतंय," आर्विड म्हणतो.

गावातले लोक म्हणतात, बघा, एवढं नाव झालं तरी माणूस किती साधा! साधा कसला डोंबलाचा. त्याला तो फोटो बघवत नाही, एवढंच आहे. का बघवत नाही, ते हेल्मीलाही त्यानं पुरतं सांगितलेलं नाही.

आर्विड सतरा वर्षांचा होता तेव्हा शाळेच्या फुटबॉल कोचनं त्याचे खांदे बघून घरी निरोप धाडला होता, पोराला संघात पाठवा. फुटबॉल म्हणजे आमचा, अमेरिकेतला; हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं. त्यात चेंडूला पाय लागायची वेळ थोडीच येते. आर्विडनं निरोप ऐकला आणि आठवडाभर त्याला झोप नव्हती. त्याच हिवाळ्यात लोखंडाच्या खाणीत बापाचा पाय गाडीखाली आला. बाप घरी बसला, पोरगा खाणीत उतरला, विषय मिटला. पुढची अठरा वर्षं शनिवारी दुपारी रेडिओवर सामना लागला की तो आवाज कमी करून ऐकायचा. कुणी चोरून ऐकतंय असं वाटावं, असं.

मग खाण बंद पडली. आख्ख्या वरच्या मिशिगनात खाणी बंद पडत होत्या, आमची मागे कशाला राहील? सरकारनं खाणीतल्या लोकांना कॉलेजात घालायची टूम काढली. शाळेत पोरांना सुतारकाम, वेल्डिंग शिकवणारा मास्तर व्हायचं म्हणून आर्विड टेकडीवरच्या आमच्या छोट्या कॉलेजात दाखल झाला. पहिल्या दिवशी वर्गात शिरला तर एका पोरीनं खिडकीजवळचा हीटर दाखवला. "हाच गळतोय," म्हणाली. आर्विडनं खाली बसून हीटर नीट केला, हात पुसले आणि शेवटच्या बाकावर जाऊन वही उघडली. वर्ग इतका हसला की विचारू नका. त्याच खिडकीतून त्याला मैदान दिसलं. मैदानावर पोरं सराव करत होती.

पस्तिशीत गेलेले गुडघे धावायच्या कामाचे नव्हते, हे त्यालाही कळत होतं. पण एक काम असं होतं की ज्याला धावावं लागत नाही. चेंडूला लाथ मारायची वेळ आली की एकानं वाकायचं आणि चेंडू दोन पायांमधून मागे फेकायचा. तो भिरभिरत बरोबर मागच्याच्या हातात जाऊन बसला पाहिजे. त्याला स्नॅप म्हणतात. चांगला गेला तर कुणाचं लक्ष जात नाही. चुकला तर गावभर शिव्या.

आर्विडनं बटाट्याच्या कोठाराच्या दारावर गाडीचं जुनं टायर टांगलं आणि आख्खा हिवाळा त्यात चेंडू फेकला. बोटं फुटली, कंबर धरली.

"शेजारीण विचारत होती," हेल्मी म्हणाली, "तुझा नवरा रोज संध्याकाळी बटाट्यांना ढुंगण का दाखवतो?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला अठरा वर्षं दाखवलं, आता बटाट्यांची पाळी."

असं ती बोलायची. पण मार्चमध्ये बर्फ गुडघाभर असताना टायरसमोरची वाट रोज फावड्यानं तीच साफ करून ठेवायची.

कॉलेजच्या कोचचं नाव मॅडॉक. जाडा, तोंडाचा फटकळ, मनाचा बरा. त्यानं आर्विडच्या दहा फेकी बघितल्या. दहाच्या दहा टायरमधून पार. मॅडॉकनं टोपी काढून डोकं खाजवलं. "केस्तिला, तुझं वय माझ्या मेव्हण्याएवढं आहे, आणि त्याला मी घरातसुद्धा घेत नाही. राखीव म्हणून ठेवतो. मैदानात उतरवीन असं वचन देत नाही, कळलं?"

"कळलं, कोच." बाहेर येऊन आर्विड गाडीत बसला आणि ढसाढसा रडला. छत्तीस वर्षांचा बाप्या!

आता राखीव म्हणजे कुणाच्या मागे? तर डेनी ट्रेव्हॅरोच्या. हा विशीतला पोरगा, लाल केसांचा, मान बैलासारखी. तो पुढच्या गड्यांच्या फळीच्या मधोमध खेळायचा. प्रत्येक डावात चेंडू हातातून सुटला की समोरचा सव्वाशे किलोचा गडी त्याच्या डोक्यावर येऊन आदळणार. आणि लाथेच्या वेळच्या लांब फेकीही त्याच्याचकडे. दुसऱ्या कुणी आपल्या राखीवाला जवळही येऊ दिलं नसतं. पण डेनीनं पहिल्याच दिवशी आर्विडचा अंगठा धरून चेंडूच्या शिवणीवर नीट बसवला. "आजोबा, अंगठा असा. तुम्ही लोक कुदळ धरता तसा नाही."

आजोबा! झालं. त्या दिवसापासून आख्खा संघ आर्विडला आजोबा म्हणायला लागला.

आर्विडच्या घरामागे तळ्याकाठी त्याच्या बापानं बांधलेला साउना होता, म्हणजे फिनिश लोकांची वाफेची न्हाणी. ओंडक्यांची खोली, आत तापलेल्या धोंड्यांची भट्टी. बुधवारी आणि शनिवारी तो पेटायचा, मग जगबुडी येवो. ट्रेव्हॅरो घराणं मूळचं इंग्रज, कॉर्नवॉलकडचं, त्यांना साउनाचं काय? पण डेनी एकदा आला आणि मग दर बुधवारी यायलाच लागला. वरच्या फळीवर दोघं उघडेबंब बसायचे, धोंड्यांवर पाणी ओतायचे आणि बोलायचे. साउनात माणूस देवळात बसल्यासारखा वागतो. भांडत नाही, खोटं बोलत नाही, आणि तिथं उघड्या अंगानं बोललेलं बाहेर कपडे घालून फिरवत नाही, अशी आमच्याकडची रीत. ती डेनीला आर्विडनंच शिकवली.

डेनीची आई लॉरेन शाळेत आर्विडच्या दोन वर्षं पुढे होती. नवरा ट्रकवर, शुक्रवारी घरी यायचा. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर गाड्यांच्या मागे खाण्याचे डबे उघडतात, तिथं तिनं एकदा आर्विडच्या हातात गरम पास्टी ठेवली. पास्टी म्हणजे करंजीच्या आकाराची, पण तळहाताएवढी, आत मांस, बटाटा आणि सलगम. लॉरेनसारखी पास्टी गावात कुणाला जमत नाही.

"आर्विड, ही पोरं सगळी माकडं आहेत," ती म्हणाली. "तू त्यांच्यात आहेस म्हणून मला घोर नाही. डेनीचं काही बिनसलं तर मला सांगशील ना?"

"हे काय विचारणं झालं?" आर्विड म्हणाला, तोंडात घास होता. "ठेवतो की लक्ष."

पहिला मोसम गेला, आर्विड मैदानात उतरला नाही. दुसरा मोसम सरत आला, तरी नाही. स्वच्छ धुतलेला पोशाख घालून तो कडेला उभा राहायचा आणि तसाच स्वच्छ पोशाख घरी न्यायचा. हेल्मी म्हणायची, साबण तरी वाचतो. राहिला शेवटचा सामना, तळ्यापलीकडच्या कॉलेजाशी. जिंकणाऱ्याला खाणीतला जुना पितळी दिवा मिळतो, आणि अकरा वर्षं तो दिवा पलीकडच्यांच्या कपाटात होता. डिसेंबरात आर्विडचा अभ्यासक्रम संपणार होता. म्हणजे हा शनिवार गेला की त्याचा जन्म कडेला उभं राहण्यातच गेला.

मंगळवारच्या सरावात डेनी एका गड्याशी डोक्यावर डोकं आपटून पडला. उठला, झटकलं आणि चालत भलत्याच टोळक्यात जाऊन उभा राहिला. सगळे खो खो हसले. मॅडॉक ओरडला, "ट्रेव्हॅरो, घर विसरलास का?" डेनीही हसला. आमच्याकडे असंच चालायचं. डोक्याला मार बसला की नाकाखाली तिखट वासाची कुपी धरायची, दोन बोटं दाखवायची आणि पोराला परत आत ढकलायचं.

बुधवारी डेनी साउनात येऊन वरच्या फळीवर बसला. त्यानं धोंड्यांवर पाणी ओतलं. वाफ खाली बसते न बसते तोच परत ओतलं. आणि परत.

"अरे, भाजून काढतोस का मला?" आर्विड म्हणाला.

"मी आत्ताच ओतलं होतं?"

"तीनदा."

डेनीनं पळी खाली ठेवली. "आजोबा, कालपासून दोन-दोन दिसतंय. तुझ्या भट्टीला दोन दारं आहेत. आणि सकाळी आईला हाक मारायला गेलो तर तोंडात शब्दच नाही. उभाच राहिलो."

आणि इथंच ते झालं. त्या पोरानं 'दोन-दोन दिसतंय' म्हटलं तेव्हा आर्विडच्या छातीत आनंदानं काहीतरी टुणकन उडालं. क्षणभरच. शनिवारी मी! असं. मग त्याचं त्यालाच इतकं किळसवाणं वाटलं की वाफेत बसूनही अंगावर काटा आला.

"डॉक्टरकडे जा," तो म्हणाला.

"शनिवारनंतर जातो. डॉक्टर बसवून ठेवेल रे, आणि दिवा? कुणाला बोलायचं नाही हं. साउनात बोललोय."

"आईला तरी सांग."

"साउनात बोललोय, आजोबा," डेनी हसून म्हणाला. "तूच शिकवलंस."

गुरुवारी आर्विड मॅडॉकच्या खोलीपर्यंत गेला. दारावर हात मारायच्या आधी त्यानं मनात सगळं जुळवलं होतं. पोराची तब्येत बरी नाही, कसं कळलं ते विचारू नका, पण त्याला बसवा. दार उघडलं, मॅडॉक तोंडात सँडविच घेऊन उभा.

"काय केस्तिला? शेवटच्या आठवड्यात तरी खेळवा म्हणून मस्का मारायला आलास ना?" आत बसलेले दोन मदतनीस कोच फिदीफिदी हसले. "बस मग, डेनीचा पाय मोडायची वाट बघ!"

आर्विडचं तोंड कानापर्यंत लाल झालं. जणू त्या माणसानं त्याच्या छातीत हात घालून कालचा तो आनंद बाहेर काढून टेबलावर ठेवला होता. आता डेनीचं सांगितलं तर हे काय म्हणतील? म्हातारा जागेसाठी पोराची चुगली करायला आला. आणि ते खोटं आहे असं छातीवर हात ठेवून त्याला म्हणता आलं नसतं. तीच तर पंचाईत होती.

"टेप हवी होती," तो म्हणाला. "बोटाला."

मॅडॉकनं टेपचं रीळ फेकलं. आर्विडनं झेललं आणि निघाला. वाटेत त्यानं स्वतःची समजूत घातली की आपण फार मोठ्या मनानं वागलो, जागेचा लोभ धरला नाही. किती मोठा माणूस! एका विशीतल्या पोराचं डोकं पणाला लावून यानं आपली अब्रू धुऊन घेतली.

शुक्रवारी किराणा दुकानात लॉरेन भेटली. हातात सलगमाची पिशवी.

"आर्विड, डेनी घरात बोलतच नाही रे. काल जेवताना दूध कॉफीत ओतायचं ते ताटात ओतलं. काही झालंय का?"

वचन तिला दिलेलं होतं. ती समोर उभी होती. साउना घरी राहिला होता, दुकानात तर सगळे कपडे घालूनच होते.

"सामन्याचा ताण आहे," आर्विड म्हणाला. "या वयात होतं तसं."

"तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल," लॉरेन म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला. तो चेहरा सैल होताना आर्विडनं बघितला.

शनिवारी बारीक बर्फ पडत होता. डेनी चारांपैकी पहिले दोन भाग खेळला, आणि वेड्यासारखा चांगला खेळला. तिसऱ्या भागात एकदा पडला आणि उठून उलट्या बाजूला चालायला लागला. सोबत्यांनी खांदे धरून फिरवला. आर्विड कडेला उभा होता. मॅडॉक चार पावलांवर होता. चार पावलं! आर्विडनं तोंड उघडलं, आणि पुढचा डाव सुरू झाला. डेनी वाकला, चेंडू दिला, समोरचा गडी येऊन आदळला, आणि या वेळी डेनी उठला नाही.

त्याला गाडीत घालून नेलं. लॉरेन धावत मैदानात आली होती, तिच्या पायात एकच बूट होता. आर्विडच्या अंगावरून गेली, पण तिला तो दिसला नाही.

सामना काय, चालूच राहतो. शेवटच्या नऊ सेकंदांना आपले दोन गुणांनी मागे. एक लाथ खांबांमधून गेली की तीन गुण. मॅडॉक ओरडला, "केस्तिला!"

त्याला सतराव्या वर्षापासून ही हाक ऐकायची होती. तो धावत गेला, वाकला, डोकं गुडघ्यांमध्ये घातलं. अंगठा शिवणीवर, डेनीनं शिकवला तसा. फेक आजवरच्या सगळ्यांत सुरेख गेली. लाथ बसली, चेंडू खांबांमधून पार, आणि चार हजार माणसं मैदानात उतरली. पोरांनी आर्विडला खांद्यावर घेतला, कुणी त्याच्या हातात पितळी दिवा दिला. पेपरवाला विचारत होता, "कसं वाटतंय, केस्तिला? आयुष्यभराचं स्वप्न!" आर्विड म्हणत होता, "मला खाली उतरवा." लोकांना वाटलं, लाजतोय. त्याच वेळी इस्पितळात डेनीची कवटी उघडत होते. आत रक्त साचलेलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, एकदम झालेलं नाही हे, तीन-चार दिवसांपासून झिरपत असणार.

डेनी जगला. चार महिन्यांनी घरी आला. जुनं सगळं आठवायचं, शाळा, खेळ, साउना, आजोबा. पण तो सामना पुसला गेला होता, आणि नवीन काही डोक्यात टिकेना. सकाळी सांगितलेलं दुपारी नाही, या आठवड्यातलं पुढच्या आठवड्यात नाही. मग लॉरेननं त्याला एक जाड वही आणून दिली. जे लक्षात ठेवायचं ते त्यात लिहायचं, आणि रोज सकाळी कॉफीबरोबर वाचायचं. मास्तर व्हायचं होतं त्या पोराला. आता मामाच्या दुकानात खिळे आणि स्क्रू वेगळे करतो.

मास्तर आर्विड झाला. दर गुरुवारी शाळा सुटली की तो ट्रेव्हॅरोंकडे जातो. संघातली बाकीची पोरं पहिलं वर्ष आली, मग पांगली. आर्विडचा एक गुरुवार चुकला नाही. "तुझ्यासारखा माणूस नाही, आर्विड," लॉरेन म्हणायची, आणि दर वेळी आर्विडला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

हेल्मीला त्यानं अर्धं सांगितलं, साउनातल्या रीतीचं. ती भांडी घासत होती. हात थांबवून तिनं त्याच्याकडे बघितलं. "माझ्या आईचा जन्म साउनात झाला, आर्विड. साउनातलं बाहेर काढायचं नाही म्हणून काय बाळ आत ठेवून आले होते?" छातीत उडालेल्या आनंदाचं मात्र त्यानं तिलाही सांगितलं नाही.

ते त्यानं डेनीला सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा डेनीनं कॉफीचा कप भिंतीवर फेकला. "चालता हो!" म्हणाला. आर्विड निघून गेला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याला जरा मोकळं वाटलं. पुढच्या गुरुवारी दार उघडून डेनी हसला, "ये, आजोबा!" त्याच्या गावीही नव्हतं. ज्याचा गुन्हा केला तोच विसरून बसला, आता माफी मागायची कुणाकडे?

दोन-तीन महिने तो गप्प बसायचा, मग राहवायचं नाही. परत पहिल्यापासून सांगायचा. साउना, टेप, किराणा दुकान, चार पावलं. पण कप पुन्हा कधी उडाला नाही. डेनी खिडकीबाहेर बघत ऐकायचा, शेवटी म्हणायचा, "बरं झालं सांगितलंस," आणि त्याच्यापुढे पास्टी सरकवायचा. आर्विडला वाटायचं, मारानं पोराचा रागसुद्धा मेला. ती पास्टी अर्धी टाकून तो उठायचा.

या जानेवारीत एका गुरुवारी त्यानं ठरवलं, बास. आज हे डेनीच्या वहीत लिहवून घ्यायचं, त्याच्याच हातानं. म्हणजे रोज सकाळी तो वाचेल आणि रोज त्याला कळेल की हा आजोबा कोण आहे. वही लॉरेनही वाचते. तिलाही कळेल. गुरुवार बंद होतील. होऊ देत.

दुपारचे साडेतीन. लॉरेन अजून कामावरून यायची होती. ओव्हनमध्ये पास्ट्या होत्या, खिडकीवर बर्फाचा थर. आर्विडनं सगळं सांगितलं, या वेळी काही न गाळता.

"तू दोन-दोन दिसतंय म्हणालास ना, तेव्हा मला आनंद झाला होता, डेनी. तुला कळतंय का? आनंद."

डेनीनं मान हलवली. "बरं झालं सांगितलंस."

"नाही झालं बरं! तुझ्या डोक्यातून उद्या हे गेलेलं असेल. वही काढ. लिही, आर्विडला माहीत होतं आणि त्यानं सांगितलं नाही. लिही."

"राहू दे ना, आजोबा."

"लिही म्हणतो ना!" त्याचा आवाज चढला. टेबलावर वही होती, त्यानं ती ओढली. तीन वर्षांत त्यानं तिला हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या डोक्यात कोण हात घालतो? डेनी म्हणाला, "नको," आणि वही धरायला गेला, पण तोवर पहिलं पान उघडलं होतं.

वर लिहिलं होतं, 'रोज वाचायचं'. अक्षर डेनीचं, मोठं, पोराचं असावं तसं.

'ओव्हन बंद केला का बघ. बाबा शुक्रवारी येतात. गुरुवारी आजोबा येतो. आजोबाला बुधवारी माहीत होतं आणि त्यानं कुणाला सांगितलं नाही. हे तो मधूनमधून सांगतो. पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचं. कप फेकायचा नाही. रडला तर पास्टी द्यायची.'

आणि खाली, निळ्या शाईत, वेगळ्या हातानं, 'मला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नकोस. गुरुवारी येणारं दुसरं कुणी नाही. आई.'

शाई जुनी होती, कोपऱ्यावर कॉफीचा डाग पडून फिकी झालेली. दोन वर्षं, कदाचित जास्त. म्हणजे दर गुरुवारी दार उघडताना, कोट घेताना, तुझ्यासारखा माणूस नाही म्हणताना लॉरेनला सगळं माहीत होतं. आर्विडनं वही मिटली आणि त्याला हुंदका आवरेना. त्याला वाटत होतं की आपण दर वेळी येऊन ओझं उतरवतोय. ओझं ही दोघं मायलेकरं उचलत होती, आणि वर त्याला खाऊही घालत होती.

बाहेर पायरीवर बूट आपटल्याचा आवाज आला. डेनीनं घाईनं वही आपल्याकडे ओढली. लॉरेन आत आली, टोपीवर बर्फ, हातात पिशवी.

"आलास का, आर्विड? रस्ता कसा आहे रे, निसरडा? पास्टी घेतलीस की नाही?"

गप्प बसायला आणखी एक संधी होती. आयती, सोपी, नेहमीसारखी. नाही घेतली अजून, म्हटलं असतं तर तिघांचंही भागलं असतं. आर्विड उभा राहिला.

"लॉरेन, त्या शुक्रवारी किराणा दुकानात मी तुझ्याशी खोटं बोललो."

लॉरेननं त्याच्याकडे बघितलं, मग डेनीच्या हातातल्या वहीकडे. पिशवी खाली ठेवली. भिंतीला टेकून एक बूट काढला, मग दुसरा. खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. तिचा चेहरा सैल नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती राग न लपवता त्याच्याकडे बघत होती.

"सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. आणि मी रडले तर मध्ये थांबू नकोस."

आर्विड सांगायला लागला. बुधवारच्या वाफेपर्यंत आला आणि त्याला रडू फुटलं. डेनीनं वही उघडली, पहिलं पान बोट ठेवून वाचलं, उठला आणि ओव्हनमधली गरम पास्टी आणून त्याच्यापुढे ठेवली.